कच्चं काम: कादंबरीचा पहिला खर्डा शेवटापर्यंत कसा न्यायचा

गणिताच्या पेपरात उजव्या बाजूला उभी रेघ मारून आपण वर 'कच्चे काम' असं लिहायचो. त्या पट्टीत काहीही केलं तरी चालायचं. खाडाखोड, चुकलेला गुणाकार, अर्धवट सोडलेली बेरीज, कशालाही बाई लाल शाई लावायच्या नाहीत. मराठीच्या निबंधाला ही पट्टी कधी मिळाली नाही. निबंध एकदाच लिहायचा, पहिल्या ओळीपासून शुद्ध आणि सुवाच्य. कादंबरी लिहायला बसताना आपण हीच सवय सोबत घेऊन बसतो आणि तिसऱ्या प्रकरणापाशी अडकतो.

मी ठाण्यात चरईत राहते, बेलापूरला एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. माझ्या दोन कादंबऱ्या अर्ध्यावर राहिल्या. एक बारा हजार शब्दांवर थांबली, दुसरी अठरा हजारांवर. तिसरीचा खर्डा मात्र नऊ महिन्यांत पुरा झाला. त्या नऊ महिन्यांत नोकरी तीच होती, घरातली कामं तीच होती, मुलाची दहावीही होती. बदलली ती लिहिण्याची पद्धत. ज्यांनी अजून एकही खर्डा पुरा केलेला नाही, त्यांच्यासाठी ती इथे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे.

पहिला टप्पा: किती लिहायचं ते ठरवा

खर्डा म्हणजे गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदा कागदावर येणं. भाषा खडबडीत असेल, माणसांची नावं मध्येच बदललेली असतील, एखादं प्रकरण दोन परिच्छेदांचंच असेल. तरीही शेवटचा प्रसंग लिहून झाला असेल तर तो पुरा खर्डा. आणि पहिली शंभर पानं कितीही देखणी असली, पण पुढे काही नसेल, तर ती नुसती शंभर पानं.

आकड्यांचं म्हणाल तर नवख्या माणसाने ५०,००० शब्द डोळ्यांसमोर ठेवावेत. नॅनोरायमो नावाचा अमेरिकेतला उपक्रम अनेकांनी ऐकला असेल. १९९९ मध्ये तो सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द लिहायचे, हे त्याचं आव्हान होतं. म्हणजे दिवसाला १,६६७ शब्द. नोकरी आणि घर सांभाळून हा वेग मला कधीच जमला नाही आणि त्याची गरजही नाही. शिवाय मराठीत शब्द मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'शेजारच्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतील. त्यामुळे मराठीतल्या ५०,००० शब्दांत गोष्ट जास्त मावते. डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण २५० ते ३०० शब्द धरले तर ही १७० ते २०० पानांची कादंबरी होते. पहिल्या खेपेला एवढी पुरे.

आता उलटा हिशेब करा. दिवसाला ३५० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे आठवड्याला १,७५०. या वेगाने ५०,००० व्हायला २९ आठवडे लागतात. पण त्यात गणपती, नवरात्र आणि दिवाळी येणार. आमच्याकडे मार्चअखेर येते, तेव्हा रात्री नऊपर्यंत ऑफिसमध्ये बसावं लागतं. घरात परीक्षा असतात, लग्नं असतात, कुणीतरी आजारी पडतं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून हे सगळे दिवस आधीच खोडून टाका. मी मार्चचे तीन आठवडे आणि गणपतीचे पाच दिवस आधीच खोडले होते. त्यामुळे त्या दिवसांत लिहिलं नाही म्हणून वाईट वाटलं नाही, आणि गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वहीपाशी होते.

दुसरा टप्पा: तीन निर्णय

लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा. पहिल्या दोन पटकन होतात.

एक, कोणाला काय हवंय आणि ते का मिळत नाहीये, हे एका वाक्यात लिहा. माझ्या कादंबरीचं वाक्य असं होतं: 'खाडीकाठच्या मिठागरावर वाढलेल्या चंद्राला सासऱ्याच्या नावाची जमीन गेल्यावर मिळणारा भूखंड स्वतःच्या नावावर हवा आहे, आणि घरातलं कोणीही तिला कागद दाखवत नाही.' वाक्य सुंदर असण्याची गरज नाही. त्यात 'हवंय' हे क्रियापद मात्र हवंच.

दोन, शेवटचा प्रसंग साधारण कुठे आणि कोणामध्ये घडतो ते ठरवा. मला एवढंच माहीत होतं की शेवटी चंद्रा आणि तिची नणंद एका रिकाम्या प्लॉटवर उभ्या असतील. त्या काय बोलतील ते माहीत नव्हतं. तरीही ठाण्याहून निघालेल्या गाडीवर पनवेलची पाटी असावी तसा त्या प्रसंगाचा आधार मिळाला.

तिसरा निर्णय निवेदनाचा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी दुसरी कादंबरी याच एका गोष्टीपायी बुडाली.

'मी'मधून लिहायचं की 'ती'मधून, हे बहुतेक जण ठरवतात. पण मराठीत आणखी एक प्रश्न असतो, जो इंग्रजीत लिहिणाऱ्याला पडतच नाही. तुमचा निवेदक मोठ्या माणसांना काय म्हणतो? 'सासरा ओटीवर बसला होता' आणि 'मामंजी ओटीवर बसले होते', ही एकाच प्रसंगाची दोन वाक्यं. पहिल्यात निवेदक अंगणाबाहेर उभा आहे, त्याला या घराचं देणंघेणं नाही. दुसऱ्यात आपण सुनेच्या डोळ्यांनी बघतोय, डोक्यावरचा पदर सावरत. दोन्ही चालतात. पण एकदा ठरवलं की तेच शेवटापर्यंत न्यायचं, कारण मराठीत हा आदर फक्त नावात राहत नाही, तो क्रियापदात, सर्वनामात आणि विशेषणातसुद्धा शिरतो. आला-आले, त्याने-त्यांनी, म्हातारा-म्हातारे.

दुसऱ्या कादंबरीत मी हे ठरवलंच नव्हतं. पहिल्या प्रकरणात 'बाबा म्हणाले' होतं. चौथ्यात बाबांबद्दल राग यायला लागला तसं आपोआप 'तो म्हणाला' झालं. अठरा हजार शब्दांनंतर ते लक्षात आलं आणि मी मागे जाऊन सगळं 'ते' करायला घेतलं. तीन आठवडे एकेक क्रियापद बदलत बसले. त्या तीन आठवड्यांत गोष्ट पुढे एक पाऊलही गेली नाही. चौथ्या आठवड्यात वही उघडली तर त्या माणसांशी माझं बोलणंच तुटलेलं होतं. पुन्हा जुळलं नाही.

म्हणून लिहायला लागण्यापूर्वी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तक्ताच करा. कोणतं पात्र, निवेदनात 'तो' की 'ते', आणि कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोण अहो-जाहो. चंद्रा नवऱ्याला चारचौघांत 'अहो' म्हणते, एकटी असताना 'अरे' म्हणते, हे मी तिथेच लिहून ठेवलं होतं. पुढे एका भांडणात ती चारचौघांत 'अरे' म्हणून जाते, आणि त्या एका शब्दावर आख्खं प्रकरण उभं राहिलं. तक्ता नसता तर मला ते सुचलंच नसतं.

त्याच पुठ्ठ्यावर हेही लिहा की निवेदन 'केलं, झालं' असं बोलीच्या अंगाने जाणार की 'केले, झाले' असं. संवादांचं वेगळं असतं. माझी माणसं आगरी बोलतात आणि ती बोली मला ऐकून माहीत असली तरी माझ्या जिभेवर नाही. खर्ड्यात मी त्यांचे संवाद मला आले तसे लिहिले. त्या भाषेत वाढलेल्या माणसासोबत बसून ते नीट करणं हे पुढचं काम, आणि ते मनापासून करायचं काम आहे. पण खर्ड्याने त्यासाठी थांबायचं नाही.

तिसरा टप्पा: वेळ, जागा, साधनं

माझी वेळ पहाटे पाच ते पावणेसहा. कुकर लावायच्या आधी, कोणी उठायच्या आधी. तुमची कदाचित रात्री अकराची असेल. वेळ कोणतीही चालेल, फक्त ती रोज नव्याने शोधावी लागू नये.

प्रवासाबद्दल लोक फार विचारतात. नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची लोकल ठाण्यातून सुटते, पण सकाळी तिला इतकी गर्दी असते की बसायला मिळेलच असं नाही. उभ्याने लिहिता येत नाही हे मी मान्य करून टाकलं. सकाळी मी फक्त उद्याच्या प्रसंगाचं पहिलं वाक्य शोधते. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली करत कोपरखैरणे येईपर्यंत ते बहुतेकदा सापडतं. उतरल्यावर फलाटावर उभी राहून ते फोनमध्ये टिपते आणि मग ऑफिसला जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही, ते वाक्य वाट बघत असतं. संध्याकाळी बसायला मिळालं तर शंभर-दीडशे शब्द होतात. नाही मिळालं तर नाही.

हाताने लिहायचं की टाइप करायचं? ज्याने तुमचा हात थांबत नाही ते. मी सुरुवात ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांवर केली. पाठकोऱ्या कागदाची भीती वाटत नाही, तो आधीच एकदा वापरलेला असतो. पुढे फोनवर आले. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी बोलून टाइप करण्याची सोय असते, तीही वापरून बघा. वर्णनाला ती मला जमली नाही, पण संवादांना फार उपयोगी पडली. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना मी दोन बायकांचं भांडण दोघींच्या आवाजात फोनला सांगितलंय. विरामचिन्हं आणि चुकलेले शब्द घरी येऊन बघता येतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: जे टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा. माझी पहिली कादंबरी मी एका टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतली होती, जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. काही वर्षांनी ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गर्दी. तो फाँट त्या संगणकावर नव्हता. हस्तलिखित तोवर रद्दीत गेलेलं. युनिकोडमधला मजकूर कोणत्याही फोनवर, कोणत्याही संगणकावर मराठीच दिसतो. पुढे छपाईच्या वेळी प्रकाशकाला वेगळा फाँट लागला तर तो बदलून घेता येतो. आणि दर रविवारी फाइल स्वतःलाच ईमेल करा. वहीत लिहीत असाल तर त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढा.

चौथा टप्पा: मागे फिरायचं नाही

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे. आज लिहायला बसताना कालच्या लिखाणातला फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा. त्याच्या मागे जायचं नाही. मागचं काही चुकलंय असं वाटलं तर ते दुरुस्त करायचं नाही, टिपून ठेवायचं.

टिपायला दोन साधनं लागतात. एक दोन अक्षरी खूण. इंग्रजी वृत्तपत्रांतले लोक राहिलेल्या माहितीच्या जागी 'टीके' (TK) लिहून ठेवतात, कारण ही अक्षरं इंग्रजी शब्दांत अशी लागोपाठ सहसा येत नाहीत आणि नंतर ती जागा चटकन सापडते. मी मराठीसाठी 'झझ' घेतलं. माहिती अडली, शब्द आठवला नाही, पात्राचं आडनाव सुचलं नाही, की 'झझ' लिहायचं आणि पुढे जायचं. 'चंद्राने झझ रुपयांचा चेक उलटा करून पाहिला.' शेवटी फाइलमध्ये 'झझ' शोधलं की सगळ्या जागा एका ओळीने समोर येतात.

दुसरं साधन म्हणजे दुरुस्तीवही. एक साधी शंभर पानी वही, डावीकडे प्रकरणाचा आकडा, उजवीकडे एका ओळीत काय बदलायचं ते. माझ्या वहीतली एक नोंद दाखवते. पाचव्या प्रकरणात, १९८५ साली, चंद्रा बाळंतपणासाठी माहेरी ठाण्याला येते आणि नंतर लोकलने कोपरखैरण्याला परत जाते. तो प्रसंग मी भरभरून लिहिला होता. खिडकीतून येणारा खारा वारा, मांडीवर गुंडाळलेलं बाळ. नवव्या प्रकरणात असताना एक दिवस गाडीत उभ्याउभ्याच लख्ख आठवलं की या मार्गावर लोकल २००४ मध्ये सुरू झाली. वाशीलासुद्धा मानखुर्दकडून रेल्वे आली ती १९९२ मध्ये. १९८५ मध्ये ती ठाणे-बेलापूर रस्त्यानेच गेली असणार.

पूर्वीची मी असते तर त्याच रात्री पाचवं प्रकरण उघडलं असतं. मग त्या काळी कुठली बस होती ते शोधलं असतं, बसमधला प्रसंग नव्याने लिहिला असता, तो आवडला नसता, आणि पंधरा दिवस गेले असते. या वेळी वहीत एक ओळ लिहिली: 'प्र. ५: लोकल नाही, बस. वारा ठेवायचा.' आणि नवव्या प्रकरणात चंद्रा जणू बसनेच आली होती असं धरून पुढे लिहीत राहिले. हे धरून चालणं फार महत्त्वाचं. मागची भिंत पाडायची नाही, पण पुढचं बांधकाम नव्या नकाशाने करायचं.

माहिती शोधणं हासुद्धा मागे फिरण्याचाच एक प्रकार आहे, आणि तो जास्त फसवा, कारण त्यात आपण काम करतोय असं वाटतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. अशा ग्रंथालयात आणि जुन्या वर्तमानपत्रांत बसायला मला मनापासून आवडतं. पण खर्डा चालू असताना मी महिन्यातला एकच शनिवार त्यासाठी ठेवला, तोही वहीतल्या प्रश्नांची यादी हातात घेऊन. ज्या माहितीवाचून गोष्ट पुढे जाऊच शकत नाही तेवढीच शोधायची. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ चा, हे मला सुरुवातीलाच लागलं, कारण चंद्राचं वय त्यावर ठरत होतं. मिठाच्या गोणीचा भाव 'झझ' राहिला तरी काही बिघडलं नाही.

पाचवा टप्पा: मधला गाळ

बारा ते वीस हजार शब्दांच्या दरम्यान एक दिवस असा येतो की सगळं फसलंय असं वाटतं. ओहोटीच्या वेळी खाडीत अडकलेल्या होडीसारखं. पाणी कुठे गेलं कळत नाही, पाय टाकावा तर गुडघाभर गाळ. माझ्या दोन्ही कादंबऱ्या याच सुमारास बुडाल्या. तिसऱ्या वेळीही तो दिवस आला. मी फक्त त्याची वाट बघत होते, एवढाच फरक.

आमचा पाचजणांचा एक छोटा गट आहे. रविवारी सकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर भेटतो. त्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्या रविवारी मी त्यांना सांगितलं, "काका, सहा दिवस झाले. रोज बसते, आणि चंद्रा नुसती घरातली कामं करत राहते. भांडी घासते, मासळी आणते, पाणी भरते. पानंच्या पानं."

काकांनी विचारलं, "तिला काय हवंय?"

"भूखंड. कागद."

"ते शेवटी. या आठवड्यात काय हवंय?"

मला उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, "अगं, मग ती भांडी नाही घासणार तर काय करणार?"

घरी येऊन मी वहीत लिहिलं: 'या आठवड्यात चंद्राला कपाटाची किल्ली हवी आहे.' सासऱ्याचे कागद ज्या लोखंडी कपाटात आहेत त्याची किल्ली सासूच्या कमरेला असते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी सासूला ताप आणला. चंद्रा तिचं अंग पुसायला बसते, आणि किल्ली तिच्या हाताच्या अंतरावर असते. त्या दिवशी ३५० च्या जागी ९०० शब्द झाले. भांडी घासतानाची ती सगळी पानं मी तशीच ठेवली, खोडली नाहीत.

हीच युक्ती मी आता सगळ्यांना सांगते. मोठी इच्छा कादंबरीला पुरते, पण प्रकरणाला एक छोटी, हाताने धरता येईल अशी इच्छा लागते. किल्ली, सही, पाचशे रुपये, एक फोन नंबर, एका माणसाला एकट्यात गाठणं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ती एका ओळीत लिहा आणि तिच्या आड कोण येतंय ते लिहा. मग पात्रांना कामाला लावावं लागत नाही.

तरीही अडलंच तर तो प्रसंग सोडून द्या. 'इथे झझ, दोघींचं पटतं' एवढं लिहा आणि जो प्रसंग डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतोय तिथे उडी मारा. लग्न दिसत असेल तर लग्न लिहा, मयत दिसत असेल तर मयत. मधले सांधे नंतर भरता येतात, आणि बऱ्याचदा असं दिसतं की त्यांची गरजच नव्हती.

याच गाळात असताना एक नवी, झळाळती कल्पना हमखास येते. नवी कादंबरी, हिच्यापेक्षा कितीतरी चांगली. मला आली होती. ती दुरुस्तीवहीच्या शेवटच्या पानावर पाच ओळींत लिहून ठेवली. ती पळून गेली नाही, अजून तिथेच आहे.

सहावा टप्पा: कोणाला दाखवायचं

खर्डा पुरा होईपर्यंत कोणालाच नाही. नवऱ्याला, मैत्रिणीला, व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर, कुठेच नाही. वाईट प्रतिक्रिया आली तर हात थांबतो हे सगळ्यांना माहीत असतं. चांगली आली तरी थांबतो. माझ्या पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण एका बहिणीला इतकं आवडलं की दुसरं लिहिताना मी फक्त तिला आवडेल का एवढाच विचार करत होते. आमच्या रविवारच्या गटातही खर्डा कोणी वाचून दाखवत नाही. प्रत्येकाने आठवड्यात किती शब्द झाले ते सांगायचं आणि कुठे अडलंय ते सांगायचं. एखाद्या आठवड्याचा आकडा शून्य असेल तर शून्य सांगायचा. पुढच्या रविवारी पाच माणसं विचारणार आहेत, हे माहीत असलं की गुरुवारी पहाटे उठायला सोपं जातं.

सातवा टप्पा: शेवट गाठताना

शेवटचे चार-पाच हजार शब्द रोज साडेतीनशेच्या चालीने लिहू नका. इथे वेग लागतो, कारण सगळी पात्रं एकाच वेळी डोक्यात जागी ठेवायची असतात. मी शुक्रवारची रजा घेतली, शनिवार-रविवार जोडून घेतले. घरी आधी सांगून ठेवलं होतं. पोळ्या बाहेरून आणल्या, भाजी मुलाने केली. तीन दिवसांत ४,६०० शब्द झाले. रिकाम्या प्लॉटवर चंद्रा आणि नणंद उभ्या राहिल्या, आणि जे बोलल्या ते मी योजलेलं नव्हतं.

दोन-तीन शेवट सुचत असतील तर निवडत बसू नका. जो आत्ता सर्वांत सोपा वाटतो तो लिहा आणि बाकीचे वहीत टाका. शेवट पुरेसा चांगला नाही असं वाटेल. ते खरंही असू शकतं. तरी त्याखाली 'समाप्त' लिहा, तारीख घाला, खाली आपलं गाव लिहा.

आठवा टप्पा: पानं बांधून ठेवा

फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेऊन छापून घ्या, एका बाजूला, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून. स्पायरल बांधून घ्या. खर्डा हातात धरल्यावर त्याचं वजन कळतं, आणि आपण हे केलंय यावर पहिल्यांदा विश्वास बसतो. दुरुस्तीही कागदावरच नीट होते.

मग तो सहा आठवडे उघडायचा नाही. मी माझा गठ्ठा जुन्या साडीत बांधून माळ्यावर ठेवला आणि कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या रविवारभोवती गोल केला. त्या काळात वाचन करा, झोपा, ज्या लोकांना नऊ महिने भेटला नाहीत त्यांना भेटा.

गठ्ठा काढाल त्या दिवशी पेन हातात न घेता सगळा खर्डा एकदा सलग वाचा. दुरुस्तीवही त्यानंतर उघडा. माझ्या वहीत ११२ नोंदी होत्या. त्यातल्या ३१ पहिल्या दोन प्रकरणांबद्दलच्या होत्या: आजीचं वय, मिठागराचं वर्णन जास्त लांबलंय, सुरुवातीचं वाक्य बदलायचं, दुसऱ्या पानावरचा पाऊस काढायचा. सलग वाचल्यावर लक्षात आलं की कादंबरी तिसऱ्या प्रकरणापासून सुरू होते. मी पट्टी घेतली आणि त्या ३१ नोंदींवर एकच तिरकी रेघ मारली.